बसून घेतलेलं माप

मी शिंपी. हात हलका आणि तोंड फटकळ, हे लातुरात माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. रेडिमेडवाल्यांनी आमचं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं, तरी काळा सूट शिवायचा म्हटलं की लोक अजून गोलाईच्या बाजारामागच्या माझ्या दुकानाची पायरी चढतात. काळं कापड लबाड असतं. शिवण लपवतं, पण त्यावर पांढऱ्या धाग्याचा एक केस राहिला तर दहा हातांवरून दिसतो.

तीन वर्षांपूर्वी, पाडवा नुकताच होऊन गेला होता, भर दुपारी निलंग्याहून एक अप्पा आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, सदऱ्याआड गळ्यात लिंग. जन्म आडतीवर तूर तोलण्यात गेला, असं त्यांनीच सांगितलं. पिशवीतून त्यांनी नांदेडहून आणलेलं काळं कापड काढलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक फोटो. फोटोत नवरदेव. किडकिडीत, काळा सूट, बारीक कॉलर, तीन बटणं, बेंबीच्या वर चढवलेली दोन प्लेटांची पँट, खाली दुमडलेली मोहरी. हैदराबादेत शिवलेला.

"त्या सुटाला कसर लागली. असाच पाहिजे," अप्पा म्हणाले.

मी टेप लावली. छाती चाळीस.

"छत्तीस लिहा."

"अप्पा, टेप माझी का तुमची?"

"टेप तुमची, अंग माझं. छत्तीस लिहा."

माझं डोकं सणकलं. म्हातारी माणसं हट्टी असतात, पण टेपेशी कोण हुज्जत घालतं? मी मुद्दाम मोठ्या आकड्यात चाळीस लिहिलं. अप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी चपला काढल्या, बाकावर चढून मांडी घातली, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "आता बसून घ्या."

"आडतीच्या गादीवर सूट घालून कोण बसतं हो?"

"मी बसणार हाय. लई येळ."

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी बसलेल्या माणसाचं माप कधी घेतलं नव्हतं. माणूस मांडी घालून बसला की पँटची मागची बाजू कमी पडते, मोहरी घोट्याच्या वर चढते, कोट पोटाजवळ फुगतो. सगळं उलटं धरावं लागलं. अप्पा इतके स्थिर बसले होते की मध्ये एकदा मी उगाच त्यांच्या नाकाकडं बघितलं.

रात्री जेवताना बायकोला हसत हसत सांगितलं. भाकरी वाढता वाढता तिचा हात थांबला.

"अहो, ते अप्पा लिंगायत ना? त्यांच्यात माणूस गेला की निजवून नेत न्हाईत. बसवून नेतात आन् बसवूनच मातीत ठेवतात. इतकी वर्षं लातुरात काढली, टाळकं चाललं न्हाई का तुमचं?"

माहीत होतं की मला. पण समोर बसलेल्या, चहा पिणाऱ्या माणसावरून ते कसं सुचावं?

ट्रायलला अप्पा आले तेव्हा मी सांगूनच टाकलं. "मी जित्या माणसाचे कपडे शिवतो. दुसरा शिंपी बघा."

ते आरशात स्वतःकडं बघत होते. चाळीसचा कोट छान बसला होता. पण त्यांनी मान हलवली. "हा आत्ताचा माणूस झाला. डॉक्टरनं सांगितलंय, पोटात गाठ हाय. बारीक होत होत जाणार. लग्नात मी छत्तीस होतो, मास्तर. तिनं मला सुटात येकदाच बघितलं आन् लई हसली होती. पुन्हा घाल म्हणायची, मी घातला न्हाई. आडतीवर लोक काय म्हणतील? आता ती जाऊन सात वर्षं झाली. तिच्यापुढं जायचं तर त्याच मापात जातो."

मी कोट छत्तीसवर आणला, पण मशीन मारली नाही. नुसता पांढरा कच्चा टाका घालून ठेवला. माझे वडील म्हणायचे, ज्याचा कपडा कच्च्या टाक्यावर आहे त्याला यम हात लावत नाही. जन्मभर मी या बोलण्याला हसलो होतो. त्या दिवशी मात्र मी ते धरून बसलो.

अप्पा महिन्याच्या महिन्याला एस.टी.नं यायचे. "झालं का मास्तर?"

"न्हाई. अस्तर मिळंना." पुढच्या महिन्यात काजवाला आजारी. त्याच्या पुढच्या महिन्यात लाईट गेलेली. ते ओळखून होते. हसायचे, चहा प्यायचे, तुरीचा भाव सांगायचे आणि जायचे. माणूस आवडला होता मला. मला तो यायला पाहिजे होता, बस्स. पण दर खेपेला सदरा त्यांच्या अंगावर जास्त जास्त सैल दिसायचा.

बसल्यावर कपडा कसा पडतो ते कळावं म्हणून मी तो सूट दुकानातल्या खुर्चीवर बसता ठेवला होता. पँट बैठकीवर दुमडून, कोट पाठीला लावून. एके दुपारी एक जुनं गिऱ्हाईक बाहेरच्या उन्हातून आत आलं. मी म्हटलं, या, माप घेऊ. तो खुर्चीकडं हात करून म्हणाला, "ते काका कवाचे बसल्यात. त्यांचं घ्या की आधी." उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते, मला कळतं. पण मी सूट उचलायला गेलो तर खालची गादी मधोमध दबलेली होती. हात लावला. ऊन होती. दुपारची पत्र्याची दुकानं, सगळंच ऊन असतं. तरी त्या दिवसापासून मी त्या खुर्चीकडं पाठ करून बसलो नाही.

दुसऱ्या वर्षी अप्पांचं येणं थांबलं. मग एक दिवस त्यांची सून आली. उंबऱ्यातच उभी राहून रडायला लागली.

"सासऱ्यांच्या पोटात वीस दिस अन्नाचा कण न्हाई. डॉक्टरनं हात टेकले. सुटका बी होईना. लई हाल चाललेत. 'मास्तरला सांगा' येवढंच म्हणून राहिलेत. काय सांगायचं तुमाला, ते तरी सांगा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माया माया म्हणून मी एका म्हाताऱ्याला खुंटीला टांगून ठेवलं होतं. तिला चहाही न विचारता मी मशीनवर बसलो. शिवण मारली, काजं केली, इस्त्री केली. कच्चा टाका तेवढा ठेवला. तो काढायला धीर होईना. मग तिच्याबरोबरच निलंग्याच्या गाडीत बसलो, सूट मांडीवर घेऊन.

खोलीत अप्पा नव्हतेच, नुसती हाडं होती. डोळे मात्र तेच, आडतीवरचे. कोट बघितला आणि हसले. मी उशाशी बसून एकेक धागा ओढायला लागलो. पांढरा धागा काळ्या कापडातून निघताना बारीक आवाज होतो. एरवी कुणाला ऐकू येत नाही, त्या खोलीत सगळ्यांना येत होता. शेवटचा कॉलरखाली राहिला. माझी बोटं थांबली.

"ओढा की मास्तर," अप्पा म्हणाले.

ओढला.

मुलानं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. कुणीतरी कुरकुरलं, अशा वेळी काळं कशाला? मुलानं हातानंच गप्प केलं. मी बटणं लावली. सवयीनं टेप फिरवली. छत्तीस. एक सूत इकडं नाही, एक सूत तिकडं नाही. कोटाला कुठं सुरकुती नव्हती. माझ्यासमोर फोटोतला नवरदेव बसला होता, फक्त केस पांढरे.

"बघ म्हणावं आता," ते म्हणाले. आमच्यातल्या कुणाकडं बघून म्हणाले नाहीत. दाराकडं बघून म्हणाले, आणि तिथं कुणी नव्हतं.

दिवस मावळायच्या आत ते गेले. बसलेलेच होते. बसवावं लागलं नाही.

आता माझी स्वतःची एक काळी पँट आहे. उजव्या मोहरीत एक पांढरा कच्चा टाका मी तसाच ठेवलाय. लग्नाकार्यात लोक दाखवतात, "मास्तर, धागा राहिलाय." मी म्हणतो, राहू द्या. परवा बायकोला सांगून ठेवलं, "मी अंथरुणाला खिळलो आणि हाल व्हायला लागले, तर तेवढा ओढून टाक."

ती माझ्यावरच खेकसली. "मी न्हाई ओढणार, जावा."

अप्पांचा टाका मी तरी कुठं ओढत होतो?