पंच्याहत्तरावा वाढदिवस आणि चिखलीची आजी

गेल्या रविवारी फोनवर ताई मला म्हणाली, 'आजी, यू आर सो स्वीट,' आणि मी ते तसंच स्वीकारलं. ते कौतुक माझं नव्हतं. फोनवर हे मला धड सांगता आलं नसतं, म्हणून तुम्हा दोघा नातवंडांसाठी लिहून काढते.

सुरुवात गेल्या डिसेंबरात झाली. चिखलीच्या आजीला सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून तुमच्या आईने तिला, म्हणजे स्वतःच्या आईला, कोकणात समुद्रावर नेलं. तुम्ही कॅनडाहून आलात आणि चार दिवस तिकडेच गेलात. मी इथे प्राधिकरणातल्या आपल्या घरी स्वेटर घालून, गॅलरीत जिकडे ऊन सरकेल तिकडे खुर्ची सरकवत बसले होते. फोटो आला. तिची नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला धाकटा, आणि लाट येताना तिघंही ओरडताहेत. मी आजोबांना म्हटलं, 'छान आलाय फोटो.' मग चष्मा लावून तो मोठा करून पाहिला. दिवसभरात किती वेळा पाहिला, ते सांगत नाही.

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलू शकणारी आजी मी आहे. तरी तुम्ही तासन्‌तास गप्पा मारता त्या तिच्याशी. धाकटा तर 'हो' म्हणतच नाही, 'व्हय' म्हणतो. मी सुधारायला गेले तर ताईने मलाच समजावलं, 'पण चिखलीची आजी व्हयच म्हणते.'

यंदा माझा पंच्याहत्तरावा. तुमचे बाबा म्हणाले, 'आई, डिसेंबरात येतो. भारतातच जाऊ, पण थंडी नको. जागा तू निवड.' मी वहीत रकाने आखले. दुपारचं ऊन कसं, विमान किती वेळाचं, जिने किती, जवळ दवाखाना आहे का. केरळ, गोवा, कन्याकुमारी, अंदमान. कोकण मी यादीत घेतलंच नाही. आजोबांनी वही पाहिली.

'गोवा जवळ आहे, उबदार आहे. त्यावर काट का?'

'तिथला समुद्र कोकणासारखाच आहे.'

'तू सहलीला निघालीस की विहीणबाईंना हरवायला?'

मी अंदमानवर बरोबरची खूण केली आणि वही मिटली.

दोन दिवसांनी बाबांचा पुन्हा फोन. 'मुलं म्हणताहेत चिखलीच्या आजीलाही नेऊ. पण आई, बोलवायचं तुलाच. तू बोलावल्याशिवाय त्या यायच्या नाहीत.'

हे तुम्हाला माहीत नसेल. आपल्याकडे मुलाच्या आईचा मान मोठा. तुमच्या आईबाबांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण चिखलीची आजी माझ्या घरच्या कार्याला बोलावल्याशिवाय कधी आली नाही. आणि बोलावणं म्हणजे घरी जायचं, कुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि 'यायचं हं' म्हणायचं. नुसता फोन केला तर समोरच्याने 'नाही' म्हणावं अशीच अपेक्षा असते. ते दोघींनाही कळतं.

मी फोन केला.

'अंदमानला जायचं ठरतंय, विहीणबाई. तुम्हाला जमणार नाहीच म्हणा, पण कानावर घालावं म्हटलं.'



'व्हय, लेक बोलली मला. पर माझं कुटं जमतंय? इमानाचं भ्या वाटतं. तुमी जाऊन या की.'

तिला सगळं कळलं होतं. आणि मला बरं वाटलं. आठ दिवस तुम्ही दोघं माझ्या एकटीचे, या विचाराने मी दुपारी खुशाल झोपलेसुद्धा.

मग तो रविवार आला. ताई म्हणाली, 'आजी, तू चिखलीला गेलीस? कुंकू घेऊन? ती म्हणाली, तू खूप आग्रह केलास, पण तिलाच भीती वाटते. यू आर सो स्वीट.'

'अगं, त्यात काय,' मी म्हटलं.

आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. 'कधी गेली होतीस?'

'तुम्ही वाचा.'

तेव्हा तिचा जितका हेवा वाटला तितका तो फोटो पाहूनही वाटला नव्हता. समुद्र तिला मिळाला, तुम्ही मिळालात. आता मोठेपणाही तिचाच, आणि तो मी स्वतः उचलून तिच्या पदरात घातला होता. तिने मला उघडं पाडलं असतं तर मला तिच्यावर रागावता तरी आलं असतं.

पाच दिवस मी ते कौतुक सांभाळलं. काल सकाळी कुंकवाची कोयरी पिशवीत घालून रिक्षाने चिखलीला गेले. ती अंगणात हरभरा सोलत बसली होती.

'आवं विहीणबाई! सांगून तरी यायचं. बसा, बसा.'

मी उभ्यानेच कुंकू लावलं, अक्षता दिल्या. मग विचारलं, 'पोरांना खोटं का सांगितलंत?'

'खोटं कुटलं? तुमी येनारच व्हता. जरा उशीर झाला, इतकंच.'

मी म्हटलं, 'अंदमानला यायचं हं.'

'आता दारात आलाय म्हनल्यावर न्हाई कसं म्हनू? पर मला खिडकी नगं. खाली बघवायचं न्हाई.'

'खिडकी धाकट्याला हवी आहे.'

'मग मी त्याच्या बाजूला बसते. त्यो बडबडतोय, तेवढंच भ्या जाईल.'

ती जागा मी वहीत माझ्या नावाने लिहून ठेवली होती. 'बरं,' म्हटलं. ती मला पिशवीभर हरभरा देऊन रिक्षापर्यंत सोडायला आली.

तिचं तिकीट काढायला बाबांना कालच कळवलं. तेव्हा ती येते आहे, आणि मी तिला आधी नीट बोलावलं नव्हतं, हे दोन्ही तुम्हाला माहीत असू द्या. एवढ्याने माझा हेवा गेला असं समजू नका. धाकटा जाताना तिच्या शेजारी बसेल. येताना तो माझ्या शेजारी बसेल, आणि ताईने दोन्ही वेळा माझ्याच रांगेत बसायचं आहे. मी विचारत नाही, सांगते आहे.