समोरच्या हातची भवानी

आमच्या शेतकरी बाजारात नदीकडचे आणि माळाकडचे असे दोन गट आहेत. फाटकाजवळची जागा कुणाची, यावरून आज सकाळी त्यांचं इतकं वाजलं, की वेगळे बाजार भरवायचं जवळजवळ ठरलंच. माझी आई नदीकडची भाजीवाली. याच बाजाराने मला पदवीपर्यंत पोचवलं.

तेवढ्यात माळाकडच्या पुढारी शांताकाकू आईसमोर उभ्या राहिल्या.

“काय गं, भवानी झाली का?”

“कशी होणार? तुमच्या आवाजानं गिऱ्हाईक पळालं की!”

“मग दे मेथीची जुडी. भांडण तुझ्याशी आहे, मेथीशी नाही.”

पहिल्या विक्रीचे पैसे आईने सवयीने कपाळाला लावले आणि तीच दचकली. “अगं बाई, शत्रूचे पैसे!”

दोन्हीकडे हशा उसळला.

“आज फाटकाशी तू बस, पुढच्या बाजारी मी,” काकू म्हणाल्या. कुणीच हरकत घेतली नाही.

मळा आपला, माल आपला, पण दिवस सुरू व्हायला समोरचाच हात लागतो! मी आनंदाने धावतच काकूंच्या पाटीशी गेले आणि लिंबं मागितली. त्यांनी माझे पैसे कपाळाला लावले. त्यांचीही भवानी व्हायचीच होती.