पत्र्याचं मेंडोलिन

भानुदास गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, आता ते मेंडोलिन कुणाकडं जाणार? महिना होऊन गेला... पण हे सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल दुसरं काही लिहिता येईल असं वाटत नाही.

पोलीस ॲक्शननंतर आमच्या गावात शाळा आली, म्हणून मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला. ते उपकार मी विसरत नाही. कॉलेजसाठी शहरात आलो तेव्हा उस्मानपुऱ्यात भानुदास आणि मी एका खोलीत राहायचो, लग्नाच्या बँडमधल्या एका वादकाकडं मेंडोलिन शिकायचो. त्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि पडेगावला वडिलांच्या मेंढरांकडं परत गेला. बोटं मात्र त्याची चांगली होती. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आणि आजतागायत सहन झालेलं नाही.

छावणीच्या आठवडी बाजारात, जुन्या सामानाच्या ढिगात ते मला आधी दिसलं. अंग सगळं पत्र्याचं, पोटावर जाळीचं झाकण. तसलं वाद्य आम्ही कधी पाहिलं नव्हतं. गोऱ्या पलटणीतलं कुणी टाकून गेलं असावं. मी लांबून न्याहाळत राहिलो. तेवढ्यात भानुदासनं त्यावर पंचा टाकला आणि पंच्याखाली दुकानदाराचा हात धरला. मेंढरांच्या बाजारात असाच सौदा होतो. बोटांनी भाव ठरतो, तोवर तिसऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं नाही.

"मला आधी दिसलं होतं," वाटेत मी म्हणालो.

"दिसतं तर समद्यांनाच, बीएसाहेब. हात घालावा लागतो."

पडेगावच्या घरी त्यानं जाळी खोलून ते सगळं सुटं करून उन्हात ठेवलं, आणि पत्र्याचं म्हणून त्याच्या आईनं भांड्यांबरोबर राखेनं घासून काढलं. पुढं मी पडेगावला गेलो, तर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली लाकडाचा तुकडा सारलेला आणि आवाज नुसता खडखड.

"बिनकामाचं निघालं गड्या. तू ने," असं म्हणून तो मेंढरांना पाणी दाखवायला गेला. मला झालेला आनंद लपवता आला नाही.

त्याच्या आईनं चहासाठी दुधाचं पातेलं उघडलं. वर ॲल्युमिनियमची पातळ, मधोमध उंच अशी झाकणी. "पोराच्या त्या डब्यातली हाय," त्या म्हणाल्या. "लई हलकी. दूध बी उतू जात नाय."

वाद्य माझ्या मांडीवर होतं आणि त्याचा आवाज पातेल्यावर. गप्प बसून ती झाकणी मागून घेतली असती, तर दोन्ही माझं होतं. मी भानुदासला हाक मारली. चांगुलपणानं मारली, की तो आवाज ऐकायच्या हावेनं, मला आजही सांगता येत नाही.

लाकडाचा तुकडा निघाला आणि झाकणी जाळीखाली, घोडीच्या बुडाशी बसली. त्यानं नखी मारली, आणि अंगणातल्या मेंढरांनी माना वर केल्या. मग त्यानं ते मला वाजवायला दिलं. माझ्या हातात ते नुसतं मोठ्यानं वाजलं. मी ते त्याच्याकडंच ठेवून आलो.

पुढं जत्रा, लग्नं, गॅदरिंगं, सगळीकडं त्याला बोलावणं असायचं. मी पहिल्या रांगेत बसून वन्स मोअर म्हणायचो, आणि घरी येऊन जेवायचो नाही.

भानुदासच्या तेराव्याला त्याच्या बायकोनं, वहिनींनी, ते पिशवीत घालून दिलं. "न्या भाऊजी. घरात बोलल्यावानी करतं."

त्यांचं म्हणणं मला ते माझ्या घरी आणल्यावर कळलं. जवळ कुणी बोललं की तारा आपोआप गुणगुणतात. बायकोनं हाक मारली की गुणगुणतात, नातू खोकला की गुणगुणतात. दुपारी मी दार लोटून समोर बसतो. भानुदासचं नाव घेऊन बघतो, मोठ्यानं, मग हळू... माझ्या आवाजाला अजून ते काही बोललेलं नाही.