भुसा म्हणजे भुसा

आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलामागे आम्ही सहा कोंबड्या पाळल्या होत्या. जानेवारीत दोन दिवस पाऊस लागला आणि त्यांच्या जाळीच्या आवारात घोटाभर चिखल झाला. मी ऑफिसात ड्रेनेजची डिझाइन्स करायचो, त्यामुळे बायको एकदा चिखलाकडे, एकदा माझ्याकडे बघायची. तेच झोंबलं.

चिखलावर लाकडाचा भुसा टाकायचा, एवढं मला ठाऊक होतं. पिकअपवाल्या पठाणाला मी माझ्या पुणेरी हिंदीत सांगितलं, "भुसा मंगता है, बहुत सारा." तो "इन्शाल्ला" म्हणाला आणि संध्याकाळी गव्हाच्या काडाची दहा पोती उतरवून गेला. हिंदीत भुसा म्हणजे गुराबकऱ्यांचा चारा, हे मला पोतं फोडल्यावर कळलं.

हट्टाने मी तोच पसरला. त्यात गव्हाचे दाणे होते. ते शोधत कोंबड्यांनी दिवसभर जमीन उकरली आणि खड्ड्यांत पाणी साचून तळं झालं. "बाबा, दे मेड अ स्विमिंग पूल," मुलगी म्हणाली.

आठवड्याने पठाण रिकामी पोती न्यायला आला. जाळीपाशी उभा राहून त्याने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि हळहळून मला विचारलं, "साब, बकरी डूब गया?"