वीतभर जास्त

कपवाल्यांनी आयुष्यात एकही कप जिंकला नव्हता. शाळेत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत त्यांचं लिंबू सुरुवातीच्या रेघेवरच पडलं. त्यानंतर त्यांनी धावणं कायमचं सोडलं आणि पुढे धावणाऱ्यांना बक्षिसं विकायचं दुकान काढलं. हरलेल्या माणसाचा शहाणपणा म्हणून कुणी याचं कौतुकही केलं असतं, पण कपवाले स्वतःला हरलेले समजतच नव्हते. ज्या कपाला आपण हात लावला तो आपणच जिंकला, असा त्यांचा मामला होता.

दुकानात खरं काम त्यांची बायको करी. गल्लीत तिला कोरणारीण म्हणत. खिडकीशी तिचं टेबल होतं. त्यावर कोरणी, बोटभर हातोडी आणि पितळी पट्ट्यांचा डबा. सात वर्षं ती ज्येष्ठांच्या चालण्याच्या शर्यतीला हा डबा घेऊन मैदानावर जात आली होती. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं की ती जिंकणाऱ्याचं नाव कोरायला घेई आणि पाहुणे 'शेवटी एवढंच सांगतो' म्हणेपर्यंत पट्टी कपाच्या बैठकीवर ठोकून होई. पाहुणे ते वाक्य तीनदा म्हणत, म्हणून तिला कधी घाई झाली नाही.

शर्यत भरवणाऱ्या मंडळाची अट एकच: कप गेल्या वर्षीपेक्षा मोठा हवा. पहिल्या वर्षी कप वीतभर होता. कपवाले दर वर्षी एक वीत वाढवत गेले. कपाच्या पोटातून आटे पाडलेली सळई जाते, तिच्यात खांब, वाटी, पुन्हा खांब असं ओवायचं आणि वरून नट आवळायचा. लांब सळई मिळाली की कप उंच. यात कला एवढीच.

आठव्या वर्षी मात्र कपवाल्यांच्या साडूने कडी केली. समोर त्याचं बुटांचं दुकान होतं. एका सकाळी बूट गेले, कप आले आणि शर्यतीचं काम त्याने पळवलं.

"तुझ्या बहिणीचा नवरा आहे, म्हणून गप्प बसलोय," कपवाले म्हणाले. ते वर्षभर याच विषयावर गप्प बसले होते, रोज दोनदा.

नवव्या वर्षी काम परत मिळालं. कपवाल्यांनी पावणेसात फुटांचा कप उभारला. चार मजले, आठ कान आणि वर पंख पसरलेला गरुड. बैठकीवर सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव आणि फोन नंबर. हे सगळं साडूच्या डोळ्यांत खुपावं म्हणून खिडकीत ठेवायचं ठरलं.

"अहो, माझं टेबल?"

"आत मांड की. ट्यूब आहे."

"ट्यूबखाली पितळ चकाकतं. रेघ दिसत नाही मला."

"मग नको कोरूस. स्टिकर लावू. हल्ली नाव कोण वाचतं? लोक उंची बघतात."

तिने आत बसून पाहिलं. पहिल्याच दिवशी कोरणी घसरून अंगठ्यात गेली, दुसऱ्या दिवशी दोन पट्ट्या वाया गेल्या. खिडकी नसेल तर हा हात गेला, हे तिला कळलं. नवऱ्यालाही कळलं असावं, कारण त्याने लगेच स्टिकरवाल्याला फोन केला.

मैदानावर या वेळी डबा नेला नाही. शर्यत टपालातून निवृत्त झालेल्या एका आजींनी जिंकली. अंगाने काडीसारख्या, पण चालणं असं की पाठोपाठचे गृहस्थ थांबून चौकशी करत होते, आजी वाटेत कुठे बसल्या तर नाहीत ना. दोन हमालांनी कप समोर आणला. आजींनी चष्मा वर केला, कपाभोवती सावकाश एक फेरी मारली आणि विचारलं, "माझं नाव कुठंय?"

कपवाल्यांनी बैठकीकडे पाहिलं. बैठकीवर त्यांचंच नाव होतं. स्टिकर आधी छापून घ्यावं लागतं आणि जिंकणारा आधी कळत नाही, ही अडचण त्यांच्या ध्यानातच आली नव्हती.

"आजी, उंची बघा ना," ते म्हणाले.

"बघितली. हा माझ्या खोलीत उभा राहिला तर मी झोपू कुठं? घेऊन जा तुमचा तुम्हीच. नाव तर तुमचंच आहे!"

मंडळी खो-खो हसली. कपवाल्यांना ते हसू कौतुकाचं वाटलं. त्यांनी कप परत आणून पुन्हा खिडकीत उभा केला, आता कायमचा.

दुसऱ्या दिवशी आजी दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी पहिल्या वर्षीचा वीतभर कप काढला. तेव्हाही त्याच जिंकल्या होत्या. कपात चमचे ठेवून ठेवून कड झिजली होती, पण पट्टीवरचं नाव लख्ख होतं.

"हे तू कोरलंस ना पोरी? याच्याखाली यंदाचं साल घाल. मला तेवढं पुरे."

कोरणारणीने कप घेतला, ट्यूबकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. मग डबा काखेत मारला आणि रस्ता ओलांडला.

धाकटी बहीण दारातच होती. "ये ताई. खिडकी रिकामीच आहे. आमच्या ह्यांनी कप फुटपाथवर मांडलेत. आत ठेवले की बुटके दिसतात म्हणे."

"मी इथं बसले तर तुझ्या ह्यांना काय वाटेल?"

"आपण जिंकलो, असं वाटेल. वाटू दे. तेवढंच येतं त्यांना."

ऊन टेबलावर तिरपं पडलं होतं. तिने साल कोरलं. हात हलला नाही. संध्याकाळी ती टेबलही घेऊन गेली. कपवाल्यांना दिसलं नाही, मधे गरुड होता. दोन दिवस ते आतल्या खोलीकडे तोंड करून चहा मागत राहिले.

तिसऱ्या दिवशी चहा शोधत ते रस्त्यावर आले. समोरच्या खिडकीत बायको कोरत बसली होती. ते काचेपाशी गेले. तिने मान वर केली, आता विचारतील म्हणून. त्यांची नजर तिच्यावरून घसरून फुटपाथवरच्या सगळ्यात उंच कपावर गेली.

"किती असेल गं तो?"

तिने मान खाली घातली आणि कोरणीवर फुंकर मारली.

"तुमच्यापेक्षा वीतभर जास्त."

कपवाले लगबगीने परत फिरले. लांब सळई मागवायची होती.