कॅलेंडर तिथे नको

मीनलताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जपानमधल्या आमच्या ग्योतोकु स्टेशनवर उभी होते. आजार ठाऊक होता, तरी फोनकडे बघून मी चक्क चिडले. आदल्याच आठवड्यात, नाकात नळी असताना त्या विचारत होत्या, "पुस्तिका छापायला गेली का गं? पहिलं वाक्य तेच ठेवलंय ना?"

"तेच आहे हो. पडा आता गप्प," मी म्हटलं. ते आमचं शेवटचं बोलणं...

पुस्तिका म्हणजे इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या कुटुंबांसाठी, हिवाळ्यात घर कसं तापवावं आणि हवा कशी खेळती ठेवावी याची माहिती. ताई इमारतींच्या हीटिंग-व्हेंटिलेशनच्या इंजिनिअर. इथल्या घरांच्या भिंतीत बाहेरची हवा आत यावी म्हणून वाटीएवढा गोल झरोका असतो. ताई कुणाकडेही गेल्या की आधी त्याच्यासमोर तळहात धरायच्या. वारा लागला की मगच म्हणायच्या, "हं, आता चहा टाक." मला मेला असा राग यायचा! पाहुण्यासारखं यावं की नाही माणसानं?

गेल्या जानेवारीत त्या मसुदा घेऊन माझ्याकडेच बसल्या होत्या, आणि अश्विनीचा फोन आला. अश्विनी आमच्या मागच्या गल्लीत, जुन्या लाकडी घरात राहते. सासू-सासरे नाशिकहून आलेले, त्यांना थंडी बाधू नये म्हणून तिने रॉकेलचा हीटर घेतला होता. "आईंना मळमळतंय, डोकं दुखतंय. बाबा तर हलवून उठेनात. पित्त असेल का हो?"

ताईंनी फोन माझ्या हातातून हिसकावलाच. "हीटर बंद कर! खिडक्या उघड. आधी उघड, मग बोल!" पलीकडे काहीतरी पडलं. मग काहीच नाही... "अश्विनी? अगं, बोल ना!"

आम्ही धावत सुटलो. धावता धावता मी अँब्युलन्सला फोन लावला, तर मेलं एक जपानी वाक्य धड जुळेना. अश्विनी उघड्या दारात बसली होती, सासूबाई तिच्या मांडीवर. ताई श्वास रोखून आत शिरल्या, खिडकी उघडली, आणि आम्ही दोघींनी सासऱ्यांना काखेत धरून बाहेर ओढलं. त्यांनी डोळे उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वाचले बिचारे, आता ठणठणीत आहेत.

बंद घरात हीटरचा विषारी वायू कोंडला होता. मग झरोका होता कुठे? नाशिकहून हौसेने आणलेल्या मराठी कॅलेंडरच्या मागे! भाड्याच्या घरात खिळा ठोकता येत नाही, आणि झरोक्याच्या झाकणाला आयती खुंटी असते. वारा येतो म्हणून कडेने टेपही लावलेली. नंतर ताई घरोघर हिंडल्या, तर कितीतरी जणांनी हेच केलेलं.

त्यांनी पुस्तिकेचं पहिलं वाक्य बदललं: झरोक्यावर कॅलेंडर लावू नका. मंडळाच्या बैठकीत सगळे हसले. "अहो ताई, तांत्रिक पुस्तिकेत कॅलेंडर कसलं?"

"मग पुढच्या आजोबांना ओढायला तुम्ही येणार का?" ताई कडाडल्या. वाक्य राहिलं.

परवा जवळच उरायासुला ताईंच्या घरी गेले. भेटायला आलेल्या एका बाईंनी टेबल आवरायला घेतलं, नवं कॅलेंडर उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि सहज झरोक्याच्या खुंटीला अडकवलं. ताईंचे यजमान श्रीकांतदादा उठले. त्यांनी कॅलेंडर काढून सोफ्यावर ठेवलं आणि झरोक्यासमोर तळहात धरला. वारा लागेपर्यंत ते तसेच उभे होते.

"हं," ते म्हणाले, "आता चहा टाकतो."