डाव्या फळीवरच्या दोन थापा

नमस्कार मंडळी. मी इथला जुना वाचक, आणि खरं सांगायचं तर जुना खोडसाळ. कोणी घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली म्हणून लिहिलं की खाली ‘धुकं आणि रिकामं पोट’ अशी कॉमेंट टाकणारा तो मीच. तेव्हा आज माझ्यावर हसायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, फक्त शेवटपर्यंत वाचून मग हसा. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही ‘भूत’ हा शब्द मला या बाबतीत वापरवत नाही.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात मी आयुष्यभर मीटर तपासले. काटा जे दाखवतोय ते खरं की खोटं, एवढंच बघायचं. बायको म्हणते, ह्यांना ताप आला तर हे आधी थर्मामीटर तपासतात. चुकीचं नाही ते.

घर मुळगावात, अगदी रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक जायचे तेव्हा जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचा थरथरायच्या. मध्ये खाणी बंद होत्या, आता पुन्हा थोडे ट्रक सुरू झालेत. हे ट्रक लक्षात ठेवा, पुढे लागतील.

बाबांचा साऊंडचा धंदा होता. देवळातली नाटकं, भजनी सप्ताह, शिरगावची जत्रा — आसपास कुठेही आवाज लागला की बाबा. त्यांचा जीव एका पेटीवर. म्हापशाला एक थिएटर मोडलं तेव्हा त्यांनी पडद्यामागचे दोन स्पीकर उचलून आणले होते. परदेशी बनावटीचे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या लाकडी पेट्या, आत पंधरा इंची कागदी कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा शंकू, वर पत्र्याचा भोंगा. एकीला पुढे वाळवी लागली. राहिली ती दुसरी, आणि ती सुमीची.

सुमी माझी धाकटी बहीण. जन्मापासून ठार बहिरी. पण देवळात तालीम असली की ही बाबांबरोबर हजर, आणि जागा ठरलेली — पेटीच्या डाव्या फळीला गाल लावून उभी. पखवाज वाजला की फळी थरथरायची आणि हिचा चेहरा उजळायचा. गाणं थांबलं की फळीवर तळहाताने दोन थापा मारायची. म्हणजे ‘परत’. बाबा निमूटपणे तबकडीवरची सुई पुन्हा मागे ठेवायचे. नाटकवाले वैतागायचे, पण बाबांना म्हणायचे, “साऊंड तुझा, पण मालकीण ही.” तिच्या गालाने त्या फळीचं पॉलिश एवढ्याशा जागेत उडून गेलं होतं.

दहा वर्षांची असताना सुमी काविळीने गेली. बाबांनी ती पेटी त्यानंतर कधी भाड्याने दिली नाही. घरी आणून बाहेरच्या सोप्यात ठेवली आणि आईचा रेडिओ तिला जोडून दिला. बाबाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई मात्र दुपारी जेवणं उरकली की पेटीवर अभंग लावायची, बरोबर स्वतःही गुणगुणायची, आणि मी सुट्टीला घरी असलो की दिसायचं — डाव्या फळीजवळ खुर्ची, एक हात फळीवर. मला वाटायचं, टेकायला बरं पडतं म्हातारीला.

निवृत्त झाल्यावर मला खाज सुटली ती ही पेटी दुरुस्त करायची. कोन फाटला होता, कॉईल घासत होती, आवाज फरफर यायचा. जुने स्पीकर जिवंत करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून मी पंडित झालो होतो. म्हटलं, बाबांचं श्राद्ध आपण सोल्डरिंगने घालू.

म्हापशाहून कोन नवा बसवून आणला. कपॅसिटर बदलले, भोंग्याचा पडदा बदलला. आणि मग मुख्य अपग्रेड. या शास्त्रातला पहिला नियम असा की पेटी स्वतः वाजता कामा नये, वाजावा तो फक्त कोन. थरथरणारी फळी म्हणजे दोष. मी आत या फळीपासून त्या फळीपर्यंत सागवानी आडवे दांडे ठोकले, गोंद भरला, वरून डांबरी शीट चिकटवली. बाहेरून घासून पॉलिश केलं. सुमीच्या गालाने पॉलिश उडालेली ती जागाही घासली — आता लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा एक क्षणही थांबला नाही.

आवाज असा सुटला की विचारू नका. शेजारी ऐकायला आले. आईने खुर्ची ओढली, फळीवर हात ठेवला, थोडा वेळ बसली. मग हात काढून घेतला.

“बरा केलंस हो दिगू,” म्हणाली. आईचं माहेर बांद्याकडचं, त्यामुळे बोली अर्धी तिकडची, अर्धी इकडची. “पण आता ही पेटी बोलणा नाय.”

“आई, आधीपेक्षा दुप्पट साफ आवाज आहे.”

“आसात,” ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिने रेडिओ लावला नाही. दुपारी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायची आणि स्वतःशीच अभंग गुणगुणायची. जेवण कमी झालं. बायकोने तिच्या आवडीचं तिसळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं, ते ताटात तसंच. डॉक्टर म्हणाले वय झालं. मलाही तेच सोयीचं वाटलं. पण एक दिवस राहवलं नाही, तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि विचारलं, झालंय तरी काय.

“थंय बाय आसता रे,” ती सोप्यातल्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाली.

“कोण बाय?”

“तुझी भैण. आणि कोण?” अगदी साधेपणाने म्हणाली, पाववाला पोदेर येऊन गेला म्हणावं तसं. “गाणा संपला की फळयेर दोन थापो मारता. रोज. मी म्हणतंय, पुरे गो आता बाय, फाल्या. मगे गप ऱ्हवता. आता फळी मुकी झाली. माझ्या हाताक कायच लागणा नाय.” फाल्या म्हणजे उद्या. मग तोंड भिंतीकडे करून म्हणाली, “तिका वाटत आसात, आवशीन बोलणा सोडल्यान.”

माझा विश्वास बसला नाही, हे कबूल करतो. मला वाटलं, इतक्या वर्षांचं दुःख आहे, फळीच्या थरथरीत तिला लेक सापडली असेल. पण माझ्या हाताने मी ते घालवलं, हे कळलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ठरवलं, दांडे काढायचे, पेटी होती तशी करायची.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पेटी पुढे ओढली. उघडण्याआधी सवयीने कॉईल तपासायला घेतली. अँप्लिफायरच्या वायरी काढल्या आणि बाबांचा जुना काट्याचा मीटर जोडला. स्पीकर असा सुटा असला की उलटा माईकसारखा वागतो. कोनाला धक्का बसला की वायरीतून इवलासा करंट निघतो आणि काटा उडतो. बाबा असेच कोन तपासायचे. मी बोटाने कोन हलवून पाहिला, काटा हलला, ठीक होतं सगळं. स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला उठलो.

आत आई गुणगुणत होती. अभंग संपला. आणि काटा उडाला. एकदा... आणि लगेच परत एकदा.

मी पेटीपासून लांब उभा होतो. सोप्यात दुसरं कोणी नव्हतं, बायको माहेरी पेडण्याला गेलेली.

“आई, काय आपटलंस?”

“नाय रे. बसलंय हय.”

आता माझ्यातला मीटरवाला जागा झाला. पहिला संशय ट्रकवर. रविवार होता, रस्ता मोकळा. मग फ्रिज. घराचा मेन स्विच पाडला. वायरी बदलल्या. आईला काही न सांगता म्हटलं, जरा मोठ्याने म्हण गो, बरं वाटतं ऐकायला. तिने म्हटलं. ती गात होती तोवर काटा शून्यावर. ती थांबली, आणि दोन झटके. तिला मागच्या अंगणात बसवून म्हणायला लावलं, तरी तेच. मग मी स्वतः तोच अभंग म्हटला, अगदी शेवटपर्यंत, आणि वाट बघत बसलो. काटा हलला नाही.

तेव्हा मी आईच्या खुर्चीत बसलो आणि रडलो. भीती अजिबात वाटली नाही, हे मुद्दाम सांगतो. रडू वेगळ्याच गोष्टीचं आलं. मी फळी बंद करून टाकली होती, पण सुमी थापा मारायची थांबली नव्हती. एवढे दिवस मारतच होती. आईच्या हाताला लागत नव्हत्या इतकंच, आणि उत्तर कोणी देत नव्हतं.

आणखी एक गोष्ट जरा उशिरा लक्षात आली. रेडिओ बंद होता, पेटी सुटी होती. ती जे ‘परत’ म्हणून मागत होती ते आईचं गाणं होतं. जिने जन्मभर कोणाचाच आवाज ऐकला नाही, तिने.

आईला सोप्यात आणून बसवलं आणि काटा दाखवला. ती हळू आवाजात एक कडवं म्हणाली, थांबली. काटा दोनदा उडाला. मी सांगितलं, “आई, ती रेडिओ नाही ऐकत. तुझं ऐकते.”

“माझा?” ती माझ्याकडे बघत राहिली. “माझा खय ऐकल्यान ता तिणा कधी...”  पदर तोंडाला लावून खूप रडली. मग डोळे पुसून पेटीकडे वळली आणि म्हणाली, “पुरे गो बाय. फाल्या.” काटा त्या दुपारी पुन्हा हलला नाही.

दांडे काढणं सोपं नव्हतं. गोंद मीच भरला होता, भरपूर. करवतीने कापले, पटाशीने सोलले, डांबरी शीट तुकड्या-तुकड्याने ओरबाडली. पेटी आतून विद्रूप झाली आणि आवाज पुन्हा पूर्वीसारखा घुमायला लागला. शास्त्राच्या हिशोबाने सगळी मेहनत पाण्यात. पॉलिश उडालेली ती जागा मात्र मला परत आणता आली नाही. ती कशी आणणार?

पण आईचा हात फळीवर परत गेला. रेडिओ तिने लावला नाही, स्वतःच म्हणायची. दुपारी सोप्यातून तिचा बारीक आवाज यायचा, मग थोडी शांतता, आणि मग, “पुरे गो आता. फाल्या.” जेवायला लागली. मी कधी कधी तिच्या हाताशेजारी हात ठेवायचो. मला त्या थापा लागल्या की आईचाच हात हलला, हे आजही मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. काट्याचं मात्र सांगू शकतो. काटा मी डोळ्यांनी पाहिलाय.

असं वर्षभर चाललं. गेल्या पावसाच्या शेवटी आई थकली होती, पण दुपारचं चुकवत नव्हती. त्या दिवशी मी जनेलापाशी पेपर वाचत होतो. तिचा अभंग संपला. शांतता झाली. मी सवयीने ‘फाल्या’ची वाट बघत होतो.

“येतंय गो बाय,” आई म्हणाली. “येतंय मी.”

मी पेपर खाली केला. ती फळीवर डोकं टेकून बसली होती, चेहरा शांत.  विचारायला हवं होतं असं वाटतं, पण काय विचारणार? पहाटे बायको चहा घेऊन गेली तेव्हा आई झोपेतच गेलेली होती.

कारण मला सापडलेलं नाही. कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, स्पीकरवाल्यांच्या ग्रुपवर नाव न सांगता विचारलं. कोणी म्हणालं हवेचा दाब, कोणी म्हणालं नव्या कोनाचा ताण सुटतोय, कोणी म्हणालं वायरीत रेडिओ स्टेशन शिरलं. सगळं तपासलं. यातल्या कशालाही गाणं संपलेलं कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही.

आई गेल्यावर दिवस-कार्य आटोपलं आणि मी पुन्हा मीटर जोडला. आईचा अभंग म्हटला. माझा आवाज भसाडा आहे, पण सगळी कडवी म्हटली. काटा शून्यावर. दुसऱ्या दिवशी तेच. रेडिओ लावून पाहिला, आईचं मोबाईलवर राहिलेलं थोडंसं गुणगुणणं लावून पाहिलं. काही नाही. पेटी आता नुसती पेटी आहे, आणि ते बरंच आहे हे मला कळतं. सुमी जिला मागत होती ती आई तिला मिळाली. मग थापा कशाला मारील?

तरीही दुपारी मी त्या खुर्चीत बसतो. अभंग म्हणतो, आणि संपला की डाव्या फळीवर तळहाताने दोन थापा मारतो. काटा दोनदा उडतो, तो माझ्याच हाताने. मग मी थोडा वेळ थांबतो. ‘पुरे आता, फाल्या’ म्हणणारं घरात कोणी नाही.